टोल्कीन यांचा पाइप आणि हॉबिटांचा परगणा

टेकडीच्या पोटात कोरलेले घर, त्याला हिरवे गोल दार, दारापुढे फुलांचे वाफे, सकाळचे कोवळे ऊन आणि बाकावर निवांत बसलेला एक ठेंगणा, सुखवस्तू गृहस्थ. त्याच्या तोंडी जवळजवळ पायाच्या बोटांपर्यंत पोहोचेल एवढ्या लांब दांड्याचा लाकडी पाइप. जे. आर. आर. टोल्कीन यांच्या ‘द हॉबिट’ (१९३७) या कथेच्या आरंभीचे हे चित्र जगभरच्या वाचकांच्या मनात असे काही घर करून बसले आहे की, पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या तीन खंडांच्या महाकथेतील युद्धे, पर्वत आणि राजवाडे विसरले गेले तरी हा गृहस्थ काही विसरला जात नाही. निवांत खेडे, साधे पण पोटभर जेवण आणि जेवणानंतरचा पाइप, एवढ्यावर आयुष्य सुखाने सरावे अशी इच्छा कोणाला होत नाही?

या चित्राविषयी टीकाकारांचे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, हे निर्भेळ सुखाचे चित्र आहे, दमल्याभागल्या माणसाने त्यात जाऊन विसावावे. दुसरा पक्ष म्हणतो, हे सारे एका ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाचे गतकाळाविषयीचे हळवेपण आहे; त्याला प्रौढ साहित्यात स्थान नाही. आम्ही हा ग्रंथ गेल्या काही वर्षांत पुन्हा दोनदा वाचला आणि आमचे मत असे झाले की, दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. दोघेही धुराची वलये पाहत बसले. पाइपमधली पाने कोणाच्या मळ्यातून आली आणि कोणाकोणाच्या हातांतून गेली, हे त्यांनी विचारले नाही. टोल्कीन यांनी मात्र ते विचारले आहे, आणि उत्तरही दिले आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. हॉबिटांच्या प्रदेशाला टोल्कीन ‘शायर’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द ऐकताच कवी आणि पोवाडे आठवायचे, म्हणून आम्ही येथे ‘परगणा’ म्हणू. त्या परगण्याचे चार भाग आहेत. त्यांना आमच्या जुन्या महसुली भाषेतला ‘तर्फ’ हा शब्द चांगला शोभतो. चौघांपैकी दक्षिण तर्फ उबदार, आणि पाइपच्या पानांचे मळे तेथलेच. कथेतील एक प्रमुख हॉबिट मेरिॲडॉक याला मूळ ग्रंथात ‘मेरी’ अशी हाक मारतात. आमच्या घरोघरी हे नाव मुलींचे असल्याने आम्ही त्याचे पूर्ण नावच वापरीत आहोत.

महाकथेच्या प्रस्तावनेत टोल्कीन यांनी या पानांवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. टोबोल्ड हॉर्नब्लोअर नावाच्या हॉबिटाने परगण्याच्या कालगणनेनुसार १०७० च्या सुमारास लाँगबॉटम येथील आपल्या बागेत खऱ्या पाइपच्या पानांची पहिली लागवड केली. त्याला हे रोप कोठे मिळाले ते त्याने मरेपर्यंत सांगितले नाही. ती वनस्पती मूळची उत्तरेकडची नसावी. ती बहुधा ‘निकोटियाना’ या कुळातील असावी. आणि रोप कोठून का आलेले असेना, ते पाइपमध्ये भरून ओढण्याची कला मात्र हॉबिटांचीच, असा सगळा मजकूर अगदी एखाद्या संशोधन-नियतकालिकाच्या थाटात येतो. टोल्कीन हे अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक. तरुणपणी ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशावर त्यांनी काम केलेले. एका क्षुल्लक व्यसनाला एवढ्या पांडित्याची झूल पाहून हसू येते. तेच लेखकाला हवे आहे. पण येथे एक खूण लक्षात ठेवावी. ‘हॉबिट’ या कथेत ते सरळ ‘तंबाखू’ म्हणतात. मोठ्या ग्रंथात सहसा ‘पाने’ किंवा ‘पाइपचा पाला’ म्हणतात. तंबाखू ही अमेरिका खंडातून आलेली वस्तू आणि तिचे नावही तिकडचेच. प्राचीन युरोपसारख्या भासणाऱ्या जगात ते खटकावे, हे भाषाशास्त्रज्ञाला शोभेसेच आहे. (आमच्याकडेही ही वस्तू पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली.)

टोल्कीन यांना हे सुख कोठे भेटले याचा एक धागा आमच्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. त्यांचा जन्म १८९२ सालचा, दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेनचा. वडील लवकर वारले. आई मेबल दोन मुलांना घेऊन १८९६ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात राहिली. पाणचक्की, ओढा, शेते आणि झाडे यांच्या सहवासातली ती चार वर्षे टोल्कीन यांना आयुष्यभर पुरली. १९०० साली मेबल कॅथलिक झाली. त्यामुळे नातेवाइकांनी मदतीचा हात आखडला आणि हलाखी वाढली. १९०४ मध्ये मधुमेहाने तिला गाठले. त्या काळी इन्शुलिन नव्हते. बर्मिंगहॅम ऑरेटरीचे फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी त्या उन्हाळ्यात मायलेकरांची सोय रेडनल या गावी केली. फादर तेथे भेटीला येत, ओसरीवर बसत आणि पाइप ओढीत. इतर कोठेही ते ओढीत नसत, म्हणून मुलाला त्याचे फार नवल वाटे. आपल्या पाइपच्या व्यसनाचे मूळ कदाचित तेथे असावे, असे टोल्कीन यांनी पुढे नमूद केले आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आई वारली आणि फादर दोन्ही मुलांचे पालक झाले.

हा तपशील आम्ही चरित्राची गोडी म्हणून दिलेला नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या मनात खेडे, ओसरी, पाइपचा धूर आणि आईचे शेवटचे महिने यांची एकत्र गाठ बसली. १९५८ मध्ये एका वाचक बाईंना लिहिलेल्या पत्रात टोल्कीन यांनी, उंची सोडली तर आपण हॉबिटच आहोत, असे म्हणून बागा, झाडे, यंत्र न शिरलेली शेते आणि पाइप यांची आवड सांगितली आहे. हे पत्र सर्वत्र उद्धृत होते आणि ते वाचून लोक गालात हसतात. परंतु ज्याचे सुख असे मृत्यूच्या उंबरठ्यावर भेटलेले आहे, तो ते सुख निर्धास्तपणे रंगवील हे संभवत नाही. त्याने तसे रंगविलेलेही नाही.

आता कथेकडे वळू. दुसऱ्या खंडात सारुमान या भ्रष्ट झालेल्या मांत्रिकाचा आयझेनगार्ड हा गड पाण्याखाली जातो. राजा थिओडेन आणि गॅन्डाल्फ तेथे पोहोचतात तो उद्ध्वस्त दरवाजाशी दोन हॉबिट, मेरिॲडॉक आणि पिपिन, खाऊनपिऊन तृप्त होऊन बसलेले; त्यातला एक पाइप ओढीत आहे. राजाला हा धुराचा प्रकार ठाऊक नाही. तो कुतूहलाने विचारतो आणि मेरिॲडॉक तेथेच, त्या भग्नावशेषांत, टोबोल्ड हॉर्नब्लोअरचा इतिहास सांगू लागतो. गॅन्डाल्फ त्याला मध्येच थांबवितो. प्रसंग विनोदी आहे आणि चित्रपटातही हे दोघे असेच पाइप ओढीत बसलेले दिसतात. पण ग्रंथात त्यापुढे एक गोष्ट आहे. ती पाने पाण्यावर तरंगत आलेल्या दोन लहान पिंपांत सापडली. पिंपांवर हॉर्नब्लोअरचा छाप होता आणि ती १४१७ च्या हंगामाची, म्हणजे ताजी होती. ॲरागॉर्न हे ऐकून विचारात पडतो. इतक्या दूरच्या परगण्यातला माल या गडाच्या तळघरात कसा आला? हॉबिटांना पाने मिळाल्याचा आनंद आहे. संशय त्या माणसाला आहे, ज्याने वर्षानुवर्षे त्यांच्या नकळत त्यांच्या सीमेवर पहारा दिला.

या एका प्रश्नाचे उत्तर द्यायला टोल्कीन जवळजवळ सबंध एक खंड घेतात. युद्ध संपते, मंडळी परतीच्या वाटेला लागतात, आणि रस्त्यात भिकाऱ्याच्या वेषात सारुमान भेटतो. तो पाइपची पाने मागतो. मेरिॲडॉक आपली थैली त्याच्या हाती देतो. ती पाने आयझेनगार्डच्या पाण्यातूनच आलेली, हेही सांगतो. सारुमान आभार मानीत नाही. ही आपल्याच मालाची अंशतः परतफेड आहे, असे म्हणून तो थैली खिशात घालतो आणि जाता जाता हॉबिटांच्या देशात पानांचा दुष्काळ पडो असे बोलून जातो. मेरिॲडॉक निदान थैली तरी परत दे म्हणतो. तीही मिळत नाही. चोर आणि दाता समोरासमोर उभे आहेत आणि दात्याला अजून चोरीचा पत्ता नाही. या ग्रंथातला हा आमच्या मते सर्वांत सूक्ष्म प्रसंग आहे.

मग घर येते. पुलावर फाटक, फाटकावर पहारा, भिंतीवर नियमांची यादी, आणि दमून आलेल्यांना देण्यासाठी पाइपची पाने नाहीत. द्वारपाल सांगतो की, पानांच्या गाड्याच्या गाड्या दक्षिणेला गेल्या आणि त्याही आधीपासून थोडा थोडा माल गुपचूप जातच होता. शेतकरी कॉटन उरलेली हकिकत सांगतो. फ्रोडोचा भाऊबंद लोथो याची दक्षिण तर्फेत वडिलार्जित जमीन होती. त्याने उत्तम पाने गुपचूप बाहेर विकायला सुरुवात केली. आलेल्या पैशातून गिरणी घेतली, खानावळी घेतल्या, शेते घेतली, मळे घेतले. त्याला सगळेच आपल्या मालकीचे हवे होते. मग धान्य तुटू लागले, गाड्यांबरोबर बाहेरचे दांडगे आले, झाडे पडली, ओढा घाण झाला, आणि लोथो स्वतः आपल्याच घरात कैद्यासारखा झाला. ज्याने बाहेरून ही पाने घेतली तो ग्राहक सारुमान होता.

टोल्कीन यांच्या मृत्यूनंतर १९८० साली त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी संपादित केलेल्या ‘अनफिनिश्ड टेल्स’ या संग्रहात या व्यवहाराचे मूळ मिळते. सारुमान सभेत गॅन्डाल्फच्या पाइपची टवाळी करी आणि गुपचूप स्वतः पाइप ओढू लागला होता. लपवून चाखलेल्या सुखातून चोरटी खरेदी आणि त्या खरेदीतून परगण्यावर ताबा, असा हा क्रम आहे. गॅन्डाल्फ उघड्यावर, मित्रांच्या संगतीत, ज्यांच्याकडून शिकला त्यांचे नाव घेऊन पाइप ओढतो. वस्तू एकच, तिच्याशी माणसाचे नाते दोन तऱ्हांचे. पाप वस्तूत नसते, हे धर्मशिकवणुकीच्या वर्गात आम्ही कितीदा ऐकले, पण ते असे पिंपाच्या छापापर्यंत पोहोचवून दाखविणारा कथाकार विरळा.

यामुळेच आमचा २००३ च्या चित्रपटाविषयी एक आक्षेप आहे. त्यात परगण्याच्या उद्ध्वस्तीचे आणि मुक्तीचे संपूर्ण प्रकरण गाळले आहे. हॉबिट घरी येतात तो गाव जसाच्या तसा. पाइपची गंमत ठेवली आणि तिचा हिशेब वगळला. लांबी वाचली असेल, अर्थ गेला. आमच्या धर्मग्रामांतील जी तरुण मंडळी चित्रपटावर थांबली आहेत, त्यांनी शेवटच्या खंडाचा शेवट तरी अवश्य वाचावा. तेथे बायवॉटरच्या लढाईत एकोणीस हॉबिट मरतात. त्यांची नावे पुढे पाठ केली गेली. दूरच्या राजांसाठी नव्हे, आपल्या गल्लीसाठी मेलेली ती माणसे होत. ज्यांच्या वाडीतील बावखले एका रात्रीत मातीने बुजली, ज्यांच्याच भावकीतील कोणी तरी प्रथम सातबारा काढून बाहेरच्याच्या हाती दिला, त्या वसईकर वाचकाला लोथो कोण हे आम्ही वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

याच पाइपचा दुसरा धागा थिओडेनशी जोडलेला आहे. राजाने मेरिॲडॉकला वचन दिले होते की, निवांतपणी आपण बसू आणि तू मला तुझ्या वनस्पतीची विद्या सांग. ते बसणे होत नाही. रणांगणावर मरताना राजा त्याची क्षमा मागितल्यासारखे बोलतो आणि पाइप घेऊन शांत बसशील तेव्हा माझी आठवण ठेव, असे सांगतो. पुढे शुश्रूषागृहात मेरिॲडॉक शुद्धीवर येतो, सवयीने जेवण आणि पाइप मागतो, आणि लगेच म्हणतो की पाइप नको. राजाच्या आठवणीवाचून यापुढे तो ओढता येणार नाही. ॲरागॉर्नचे उत्तर थोडक्यात असे की, मग ओढ, आणि त्याची आठवण कर. मृतांच्या स्मरणाची रीत ज्या घरांत जिवंत आहे, तेथे हा सल्ला कळायला वेळ लागणार नाही. सुख टाकून देऊन शोक करावा असे तो सांगत नाही, शोक विसरून सुख घ्यावे असेही सांगत नाही. गंमत म्हणून सुरू झालेली वस्तू येथे स्मरणाची होते, आणि टोल्कीन एक शब्दही चढवून बोलत नाहीत. फादर रॉबर्ट मरे या जेझुइट मित्राला त्यांनी १९५३ मध्ये लिहिले होते की हा ग्रंथ मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे. लोक त्याचा पुरावा तारखांत आणि प्रतीकांत शोधतात. आम्हाला तो या खाटेशेजारच्या चार वाक्यांत अधिक सापडतो.

आता उण्या बाजूकडे. या ग्रंथात पाइप ओढून कोणी आजारी पडत नाही. लेखन १९३७ ते १९४९ या काळातले आहे. डॉल आणि हिल यांचे धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवरील प्रसिद्ध संशोधन १९५० चे, आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अहवाल १९६२ चा. तेव्हा लेखकाला दोष देता येत नाही. पण आजच्या वाचकाला अज्ञानाची सबब नाही. पाइपचा धूर छातीत न घेता तोंडात घोळविला तरी ओठ, जीभ आणि घसा यांचा कर्करोग टळत नाही. आणि आमच्या देशात तर तंबाखूचा मोठा घाला तोंडावरच पडतो. आमच्यापैकी पुष्कळांनी अशा आजाऱ्यापाशी बसून रोझरी म्हटली आहे. त्यांना धुराच्या वलयांचे काव्य वाचताना आवंढा गिळावा लागला तर तो त्यांचा अरसिकपणा नव्हे.

दुसरे उणे अधिक गंभीर आहे, कारण ते काळाचे नसून दृष्टीचे आहे. दक्षिण तर्फेच्या मळ्यांत खुरपणी कोण करतो, पाने कोण खुडतो, कोण वाळवितो? प्रस्तावनेत मालाच्या जातींची नावे आहेत, मजुरांची नाहीत. बिल्बोला निवांतपणा मिळतो तो घरंदाज वारशामुळे. त्याच्या बागेची निगा सॅमचा बाप राखतो आणि धन्याला अदबीने संबोधतो. स्त्रियांच्या वाट्याला हे ओसरीवरचे सुख येताना आम्हाला दिसले नाही. खेड्यातील स्वस्थता नेहमीच कोणाच्या तरी राबण्यावर उभी असते, हे ज्याने रहाटाचे पाणी ओढलेले आहे तो जाणतो. टोल्कीन यांना बाहेरचा लोभ फार स्पष्ट दिसला. आतली उतरंड त्यांनी प्रेमाने पाहिली, पण तिला प्रश्न विचारला नाही. तरीही एक श्रेय त्यांना द्यावेच लागेल. परगणा पुन्हा उभा राहतो तो माळ्याच्या हातून. एल्फ राणीने दिलेली मूठभर माती सॅम स्वतःच्या बागेत न टाकता गावभर वाटतो. १४२० साली दक्षिण तर्फेत पानांचे अमाप पीक येते. आणि पुढे हाच माळी सात वेळा नगराध्यक्ष होतो.

मात्र ज्याने हे सारे वाचविले त्या फ्रोडोला ते भोगता येत नाही. जखमा भरत नाहीत. तो समुद्रापार निघून जातो. सुख वाचविणारा एक आणि ते भोगणारे दुसरे, हे टोल्कीन यांनी कोठेही मवाळ केलेले नाही.

दोन्ही ग्रंथांचे शेवट शेजारी ठेवून पाहावेत असे आम्ही सुचवू. ‘हॉबिट’च्या अखेरीस बिल्बो हसतो आणि तंबाखूची बरणी गॅन्डाल्फच्या पुढे करतो. सतरा-अठरा वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ग्रंथाच्या अखेरीस सॅम बंदरावरून संध्याकाळी घरी येतो. आत दिवा आहे, चूल पेटलेली आहे, जेवण तयार आहे. रोझ त्याला खुर्चीत बसविते. बरणी दिसत नाही, पाइप दिसत नाही. ती लहानग्या एलानोरला त्याच्या मांडीवर ठेवते आणि तो एक दीर्घ श्वास घेतो.